इंजिनाच्या पोटातली हवा

पेट्रोल इंजिनातला पिस्टन कितीही घट्ट बसवला तरी तो हवाबंद नसतो. प्रत्येक स्फोटागणिक रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो, म्हणजे जिथे क्रँक फिरतो आणि ऑइल साठतं त्या पोटात. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या इंजिनात तो कमी, झिजलेल्यात जास्त, पण असतोच. त्यात बराचसा भाग न जळलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा. उरलेली पाण्याची वाफ आणि जळका वायू. आत कोंडला तर ऑइलचा चिखल होतो, दाब वाढला की ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर येतं. म्हणून त्याला वाट द्यावी लागते. कुठे, एवढाच प्रश्न. त्याचं चांगलं उत्तर हाताशी असताना ते साध्या गाड्यांपर्यंत पोचायला वीसेक वर्षं गेली.

तोवर बहुतेक गाड्यांचं उत्तर सोपं होतं: एक पाइप खाली रस्त्याकडे सोडून द्यायचा. त्याचं नाव ‘रोड ड्राफ्ट ट्यूब’. पाइपचं तोंड तिरकं कापलेलं असे. गाडी धावू लागली की खालून वाहणाऱ्या हवेने तोंडाशी दाब कमी होई आणि पोटातला वायू ओढला जाई. गाडी सिग्नलला थांबली की ओढ संपली. वायू तयार होणं मात्र चालूच. घरातला कचरा खिडकीतून गल्लीत टाकण्यासारखंच हे. घर स्वच्छ, गल्लीचं गल्लीने बघावं.

लष्कराला हे परवडणारं नव्हतं. गाडी ओढ्यात उतरवली की खाली लोंबणाऱ्या उघड्या नळीतून पाणी थेट इंजिनात जाणार. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये वेगळी रचना होती. ताजी हवा एअर क्लीनरमधून गाळून क्रँककेसमध्ये यायची आणि आतला वायू एका छोट्या व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे पुन्हा सिलिंडरकडे जायचा. इंजिन स्वतःचाच धूर गिळून जाळायचं. पुढे ज्याला पीसीव्ही, पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, म्हणून जगाने ओळखलं ते हेच. तेव्हा कोणाच्या फुप्फुसांचा विचार त्यामागे नव्हता. इंजिनात पाणी आणि धूळ जाऊ नये, बस.

या जीपा युद्धात धावत असतानाच, जुलै १९४३ मध्ये, लॉस एंजेलिसवर एक दिवस असा झाकोळ आला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. जपानने विषारी वायू सोडला की काय अशी शंकाही आली. मग संशय शहरातल्या कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. मोटारींचं नाव पुढे यायला आणखी काही वर्षं लागली, आणि ते आणलं आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलटेकमध्ये हा माणूस अननसाच्या वासात कोणती रसायनं असतात ते शोधत होता. वासाचे कण पकडायची तीच हातोटी त्याने शहराच्या हवेवर वापरली. न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं.

केनेथ हान हे तिथल्या काउंटीचे लोकप्रतिनिधी. १९५३ मध्ये त्यांनी फोर्ड कंपनीला पत्र लिहून विचारलं, यावर तुम्ही काय करताय? उत्तर आलं ते साधारण असं: हे वायू हवेत चटकन विरून जातात, प्रदूषणाचा प्रश्न येत नाही. हान नेटाने पत्रं लिहीत राहिले, वर्षानुवर्षं. सॉफ्टवेअरमध्ये ‘आमच्या मशीनवर तर नीट चालतंय’ म्हणून परत आलेली बग रिपोर्ट मी रोज बघतो, त्यामुळे हा पत्रव्यवहार मला फार ओळखीचा वाटतो.

सगळी घाण सायलेन्सरमधूनच येते असं बराच काळ धरून चाललं होतं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा कळलं, की गाडीतून सुटणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा पाव हिश्श्याच्या आसपासचा भाग क्रँककेसमधून येतो. सायलेन्सरमधला धूर साफ करणं खरंच अवघड होतं, त्यासाठीचं तंत्र अजून घडायचं होतं. इथे मात्र काम होतं एक नळी, एक स्प्रिंग आणि एका व्हॉल्व्हचं. खर्च काही डॉलरचा.

तरीही ते आलं तुकड्यातुकड्यांनी. १९६१च्या मॉडेलपासून फक्त कॅलिफोर्नियात, १९६३च्या मॉडेलपासून साऱ्या अमेरिकेत. क्रँककेसमधून बाहेर काहीच सुटता कामा नये हा देशभरचा नियम १९६८च्या मॉडेलपासून. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने चार मोठ्या मोटार कंपन्या आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरला. आरोप होता की प्रदूषण रोखणाऱ्या साधनांत एकमेकांशी स्पर्धा करायची नाही आणि ती बसवायला उशीर करायचा, असं त्यांनी १९५३ पासून संगनमत केलं होतं. त्याच वर्षी तडजोड झाली. कंपन्यांनी आरोप मान्य केला नाही. सुनावणीच न झाल्यामुळे पुरावे लोकांसमोर उघड झाले नाहीत. मला यातला सगळ्यात चुकलेला भाग हाच वाटतो.

व्हॉल्व्ह बघितला की राग थोडा विसरायला होतो, इतका तो हुशार आहे. आयडलिंगला कार्ब्युरेटरचं थ्रॉटल बंद असतं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वाधिक. पण तेव्हाच ब्लो-बाय सर्वांत कमी. म्हणजे हवी त्याच्या नेमकी उलट परिस्थिती. नुसती नळी जोडली तर हवाच जास्त जाईल आणि गाडी आयडलिंगला बंद पडेल. म्हणून जोरदार ओढीने व्हॉल्व्हमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि वाट अरुंद करतो; गाडी पळू लागली, ओढ कमी झाली, की स्प्रिंग त्याला मागे ढकलून वाट मोकळी करते. बॅकफायर झालाच तर दट्ट्या उलटा बसून ज्वाळेला क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. फुल थ्रॉटलला ओढ जवळपास संपते, तेव्हा जास्तीचा वायू ताज्या हवेच्या नळीतून उलटा एअर क्लीनरकडे जातो आणि तिथून कार्ब्युरेटरमार्गे जळायला. एक सेन्सर नाही, एक ओळ कोड नाही.

जुन्या इंजिनाला हे नव्याने बसवायचं तर दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. व्हॉल्व्हची नळी थ्रॉटलच्या खालच्या बाजूला जोडायची. टॅपेट कव्हरमध्ये व्हॉल्व्हखाली पत्र्याचा आडोसा हवा, नाहीतर तो ऑइलच ओढेल. व्हॉल्व्ह साधारण तेवढ्याच सीसीच्या इंजिनाचा घ्यायचा, आणि शेवटी आयडलिंगचं मिक्श्चर पुन्हा लावायचं.

ती जीप आपल्याकडेही आली. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. अशी एक जुनी पेट्रोल जीप एका मित्राने पुण्यात घेतली. मॅनिफोल्डवरचा व्हॉल्व्ह आधीच्या कोणीतरी काढून तिथे बोल्ट ठोकला होता, आणि क्लचच्या बाजूने ऑइल गळत होतं. दोन वेळा सील बदलून झालं होतं. आमच्या मिस्त्रींनी सील बघितलंच नाही. डिपस्टिकच्या भोकावर तळहात ठेवला, फूत्कार अंगाला लागला तसे म्हणाले, “हिला श्वास घेता येईना. आधी ते बोल्टाचं बूच काढा.” जुना व्हॉल्व्ह भंगारवाल्याकडे मिळाला, पेट्रोलमध्ये रात्रभर भिजवला, सकाळी कानाशी धरून हलवला तर आतला दट्ट्या खटखट वाजला. बसवून गाडी चालू केली, पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा डिपस्टिक काढली, भोकावर विडीच्या पाकिटाचा कागद धरला आणि तो आत ओढला गेलेला मला दाखवला.