नीपरवरचा सांधलेला पूल
रिवेटांनी जोडलेल्या पुलांच्या रचनेत आयुष्य वेचलेले येव्हगेनी पाटोन साठीच्या उंबरठ्यावर वेल्डिंगकडे वळले, हे धाडस मला त्यांच्या पुलाहूनही मोठे वाटते. त्यांच्या वेल्डिंगच्या पद्धतीत दाणेदार फ्लक्सच्या थराखाली आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, झाकलेला राहतो, तार वितळत जाते आणि निवल्यावर स्लॅगची खपली सुटून खाली नितळ सांधा दिसतो. परंतु त्यासाठी यंत्र कोणते निवडावे? १९४२ साली, ऐन युद्धाच्या धामधुमीत, पाटोन यांच्या संस्थेतील द्यात्लोव्ह यांच्या ध्यानी आले की आर्क आपली लांबी स्वतःच सावरतो. तेव्हा ती लांबी राखण्यासाठी तारेची गती क्षणोक्षणी बदलणारी नाजूक यंत्रणा बाद होऊन, एकाच वेगाने तार सोडणारे सुटसुटीत यंत्र रणगाड्यांच्या कारखान्यांत मुक्रर झाले. त्याच विद्येने सांधलेला, दीड किलोमीटरहून लांब असा नीपर नदीवरचा पूल कीव्हमध्ये नोव्हेंबर १९५३ मध्ये खुला झाला. पाटोन मात्र ऑगस्टातच निवर्तले होते.