'यू-१५६' आणि बुडत्यांची हांक

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पाणबुड्यांचा पराक्रम बहुधा बुडविलेल्या जहाजांच्या टनांत मोजला जातो. 'यू-१५६' ह्या पाणबुडीचा हिशेब तेवढ्यानें पुरा होत नाहीं.

तिचा कप्तान वेर्नर हार्टेनस्टाईन. १९४२ च्या फेब्रुवारींत त्यानें कॅरिबियन समुद्रांतील अरूबा बेटाजवळ तेलवाहू जहाजांवर हल्ला केला. किनाऱ्यावरील तेलाच्या कारखान्यावरही तोफ डागावयाची होती. परंतु तिच्या तोंडांतील बूच काढावयाचें राहिलें आणि नळी फुटली. फुटका भाग कापून टाकून हार्टेनस्टाईननें मोहीम पुढें चालविली. सर्व मोहिमा मिळून ह्या पाणबुडीनें २० जहाजें बुडविलीं.

१२ सप्टेंबर १९४२ रोजीं रात्रीं, पश्चिम आफ्रिकेपासून दूर भर समुद्रांत, तिनें 'लॅकोनिया' हें ब्रिटिश जहाज पाणतीरांनीं फोडलें. जहाजावर तोफा होत्या; सैनिकही होते. युद्धाच्या नियमांप्रमाणें तें भक्ष्यच होतें. परंतु त्यावर बायकामुलें आणि सुमारें १,८०० इटालियन युद्धकैदीही होते. पाण्यांतून इटालियन भाषेंतील हांका ऐकूं आल्या, तेव्हां आपल्याच दोस्तांचीं माणसें आपण बुडविलीं, हें कप्तानाला कळलें. त्यानें त्यांना वर घेतलें. आणि मग शत्रूचीं माणसेंही घेतलीं. सकाळपर्यंत त्या चिंचोळ्या नौकेवर सुमारें २०० जीव आश्रयास होते. साहाय्यास येणाऱ्या कोणत्याही जहाजावर आपण हल्ला करणार नाहीं, असें त्यानें इंग्रजींतून उघड बिनतारी संदेशानें जगाला कळविलें. आणखी दोन जर्मन व एक इटालियन पाणबुडी मदतीस आली.

१६ तारखेस, रेडक्रॉसचें निशाण पसरून होड्या ओढीत असलेल्या 'यू-१५६'वर असेन्शन बेटावरून आलेल्या अमेरिकन विमानानें बाँब टाकले. दोऱ्या तोडून, घेतलेल्या माणसांना पुन्हां पाण्यावर सोडून, हार्टेनस्टाईनला बुडी मारावी लागली. पुढें मुख्यतः फ्रेंच जहाजांनीं हजाराहून अधिक लोकांना वांचविलें. उरलेल्यांना समुद्रानें गिळलें. दुसऱ्याच दिवशीं जर्मन पाणबुडीदलाचा सेनापति डोनिट्झ ह्यानें हुकूम सोडला: बुडत्या जहाजांवरील लोकांना वांचविण्याचा प्रयत्न ह्यापुढें करूं नये.

८ मार्च १९४३ रोजीं बार्बाडोसच्या पूर्वेस अमेरिकन विमानानें 'यू-१५६' बुडविली. तिच्यावरील एकही माणूस वांचला नाहीं.

१९४६ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढें डोनिट्झचा तो हुकूम निघाला. पॅसिफिकांत अमेरिकन पाणबुड्याही पहिल्या दिवसापासून अनिर्बंध युद्ध करीत होत्या, असें खुद्द ॲडमिरल निमिट्झ ह्यांनीं कळविलें होतें. हेंही लक्षांत घेऊन न्यायासनानें डोनिट्झला दहा वर्षांची शिक्षा दिली. परंतु पाणबुडीयुद्धांतील नियमभंग तिला आधार धरला नाहीं. बुडत्याला हात देण्याचा दर्यावर्दींचा जुना धर्म कोणीं मोडला, ह्याचा झाडा एका पक्षाकडून घेतां येईना.