बांधात रोवलेलं फावडं

हॉलंड म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. पण त्या देशाला नदीनंही काही कमी छळलेलं नाही. ऱ्हाईन आणि मास या नद्यांच्या मधे गेल्डरलँड प्रांतातला एक सखल पट्टा आहे. त्याचं नाव रिव्हिरेनलँड, म्हणजे नद्यांचा मुलूख. टील, ब्यूरेन, कुलेमबोर्ख, झाल्टबोमेल अशा 8 नगरपालिका तिथं एकत्र येऊन कारभार बघतात. शेतीचा हा मुलूख सफरचंद, नाशपाती, चेरी आणि दुभत्या गाईंचा.

नदीकाठी गाळ साचून जमीन थोडी वर आलेली, म्हणून गावं आणि फळबागा तिथं वसल्या. मागची जमीन खोलगट, चिकण, पाणी न सोडणारी. तिथं गवतच यायचं. गाळपेर करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुराला अडवायला गावांनी बांध घातले. 1327 साली गेल्डरचा काउंट दुसरा रेनाल्ड यानं बांधांचे नियम लेखी करून दिले. नेदरलँड्स नावाचं राष्ट्र तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. बांध तुकड्यातुकड्यांनी वाटलेला असे. ज्याची जमीन, त्याच्याकडे एक तुकडा. वर्षातून ठरावीक वेळी पाहणी व्हायची, आणि कुचराई केली तर दंड.

पण एखाद्याची ऐपतच नसेल तर? जुन्या रिवाजानुसार तो आपलं फावडं बांधात रोवायचा आणि घरदार, जमीन सोडून चालता व्हायचा. जो ते फावडं उपटेल, त्याची ती जमीन. बांधाचं ओझंही त्याचंच. मला हा रिवाज न्याय्य वाटतो आणि निर्दयही. एका गरिबाचा तुकडा खचला तर सगळा मुलूख बुडणार, हे खरंच. पण फावडं रोवून निघालेल्या त्या माणसानं त्या रात्री मुक्काम कुठं केला असेल, याची नोंद कायद्यात नसते.

एवढं करूनही बांध फुटतच राहिले. 1809 च्या जानेवारीत नदीत बर्फ अडकून पाणी तुंबलं आणि मुलूख बुडाला. राजा लुई बोनापार्ट स्वतः बघायला आला. 2 डिसेंबर 1944 ला तर जर्मन सैन्यानंच एल्डनजवळचा बांध उडवून दिला. शतकानुशतकं राखलेली भिंत, आणि ती पाडायला एक दिवस पुरला!

1995 च्या जानेवारीअखेर पाणी पुन्हा चढलं. ओख्टेनचा बांध हलू लागला. अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली, गुरंही ट्रकांत घालून हलवली. बांध मात्र टिकले. काही दिवसांत माणसं परतली.

त्यानंतर सरकारनं विचारच उलटा केला. बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच जागा द्यायची. नाइमेखन शहरासमोर लेंट गावी वाल नदीचा बांध 350 मीटर मागं नेला आणि नदीला जादा पात्र खणून दिलं. त्यासाठी सुमारे 50 घरं पाडली. त्यांतल्या माणसांना मोबदला मिळाला; फावडं रोवून जाणाऱ्याला तो मिळत नसे.