मळवलेले रणगाडे

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आम्ही अगदी चकाचक ठेवायचो. इथे जहरात मात्र सुट्टीच्या दिवशी माझा उलटा उद्योग चालतो. 'वॉरहॅमर ४०,०००'चे बोटभर रणगाडे आधी नीट रंगवायचे आणि मग मळवायचे!

हा ब्रिटिश खेळ १९८७ चा, पण छंद जुना आहे. १८९८ मध्ये मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी काढणाऱ्या एच. जी. वेल्सनेच १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं नियमपुस्तक लिहिलं.

मळवण्यामागचं शास्त्र सोपं. घासून रंग आधी कडांचा जातो, म्हणून तिथे जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग. पाणी आणि मळ खाचेत साचतो, म्हणून तिथे पातळ तपकिरी.

एक रणगाडा जळका करायचा होता. नमुना म्हणून जवळच्याच मुतला टेकडीचे १९९१ चे फोटो काढले. २६-२७ फेब्रुवारीच्या रात्री कुवेत सोडून पळणाऱ्या इराकी ताफ्यावर इथे, ८० नंबरच्या हायवेवर, अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या विमानांनी बॉम्ब टाकले. शेकडो वाहनं अडकली, जळाली. मला वाटलं होतं सगळे रणगाडे असतील. निघाल्या बहुतेक साध्या मोटारी, ट्रक, बस. कित्येक कुवेतींकडून लुटलेल्या.

हवी ती छटा मिळाली हो. पण त्याच रस्त्याने मी भाजी आणायला जातो...

तो रणगाडा अजून नुसता मळकाच आहे.