पोहे शुक्रवारीच निवडा

शुक्रवार, 8 फेब्रुवारी 1963. जेरुसलेम. दुपारचे तीन वाजलेत. तुम्ही बावीस वर्षांचे आहात, रेवदंड्याचे आहात आणि खाटेवर मांडी घालून ताटात पोहे निवडताय.

घाई करा. या दिवसांत सूर्य इथे पाच वाजून गेले की मावळतो, आणि जेरुसलेमच्या रिवाजाप्रमाणे मेणबत्त्या त्याच्या 40 मिनिटं आधी लागतात. मग उद्या आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी वर्ज्य असलेल्या 39 कामांत दाण्यातून खडा वेचणं हेसुद्धा एक काम आहे. दळणंही त्यात आहे, म्हणजे खोबरं किसणं आलंच. लिहिणं, खोडणं, विस्तव पेटवणं, विझवणं, सगळं बंद. रविवारी सकाळी आठला केमिस्ट्रीचा तास आहे (इथला आठवडा रविवारी सुरू होतो), तरी वही मिटून पेन पेटीत टाका.

पोहे आईने मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलेत. उद्या तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. इथे लोक सुके अंजीर, खजूर, बदाम खातात. तुमच्या घरी मात्र हा एलियाहू हन्नाबीचा दिवस. अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचं, जिथून या पैगंबराचा रथ आभाळात गेला असं कोकणातले ज्यू, म्हणजे तुमचे बेने इस्राएल, मानतात. खडकावरची रथाची खूण बघायची, मलिदा करायचा. पोहे, खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. इथे ओला नारळ कुठला, सुक्यावरच भागवायचं.

घरमालकीण दारातून डोकावते. मूळची हलबची, म्हणजे नकाशातल्या अलेप्पोची. पोह्यांकडे निरखून बघते.

“हा तांदूळ कुणी चिरडला?”

“आमच्याकडे असाच मिळतो.”

“अरेरे,” म्हणते आणि वातीचा स्टोव्ह बारीक करून त्यावर पत्रा ठेवते. त्या पत्र्यावर उद्या दुपारपर्यंत हमीन, शब्बाथचं जेवण, शिजत राहील. रस्त्यावर शेवटची बस गेलेली असते, महाने येहुदा बाजारातली दुकानं खडाखड बंद होतायत. आजीच्या घरी याच वेळी काचेच्या पेल्यात पाणी आणि खोबरेल घालून वात लावली जायची. इथे मेणबत्ती. हात धुऊन कपडे बदला आणि प्रार्थनेला पळा.

पहाटे तीनला दारावर थाप पडते. गजर लावलेला नाही, घड्याळाला कालपासून हात नाही. अंगात येतील तेवढे स्वेटर चढवून तुम्ही नाहलाओतच्या बोळांतून चालू लागता. दिवा लागत नाही, बॅटरी चालत नाही. पण तू बिश्वात नेहमी पौर्णिमेला येतो. तिकडे माघी पौर्णिमा. इथल्या दगडी पायऱ्या दुधात भिजवल्यासारख्या दिसतात. कुठल्याशा अंगणात बदामाचं झाड पानाआधी फुललंय, आपल्या पळसासारखं, फक्त पांढरं.

अदेस सिनेगॉग हलबच्या लोकांनी 1901 मध्ये बांधला. (घरी तुम्ही सिनेगॉगला मशीद म्हणता. इथे म्हणू नका, समजावता समजावता सकाळ होईल.) आत माणसं दाटीवाटीने बसलीत, समोर शिंपल्याची नक्षी असलेलं लाकडी कपाट, त्यात तोरा. इथे हिवाळ्यातल्या प्रत्येक शब्बाथला पहाटे तीनपासून उजाडेपर्यंत बाकाशोत, म्हणजे विनवणीची गाणी, गातात. वाद्य नाही. एक बाजू ओळ घेते, दुसरी उचलते, मध्येच एखादा म्हातारा एकटाच वर चढत जातो आणि बाकीचे श्वास रोखून बसतात. स्वररचनेला ते मकाम म्हणतात. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. पण भल्या पहाटे, थंडीत, अर्धवट झोपेत, देवाला उठवायला जमलेली माणसं तुम्ही ओळखता. रेवदंड्याला देवळातली काकडआरती तुमच्या खिडकीतून ऐकू यायची. कुणीतरी तुमच्या हातात चहाचा पेला देतं. 

सकाळच्या वाचनात आज समुद्र दुभंगतो. मोशेच्या लोकांना वाट मिळते. तुम्ही ऐकता आणि मनात हिशेब लागत नाही, कारण तुमच्या पूर्वजांना समुद्राने वाट दिली नव्हती. गलबत फुटलं, नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका लागल्या, पोथ्या बुडाल्या, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलीय. पुढे शेकडो वर्षांत भाषा गेली, बरंच काही गेलं. शेमाची प्रार्थना राहिली, सुंता राहिली आणि शनिवार राहिला. तुमचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून कोकणाने नाव दिलं: शनवार तेली.

दुपारी हमीन खाऊन ठाण्याचा मित्र आणि तुम्ही सियोन टेकडीवर चढता. शहराच्या मधून काटेरी तार गेलीय, पलीकडे जॉर्डनचे सैनिक. 1948 पासून ज्यूंच्या पवित्र पश्चिमेच्या भिंतीपर्यंत इकडच्या ज्यूंना जाता येत नाही. इथून जुन्या शहराची छपरं आणि घुमट बघायचे आणि परत फिरायचं.

मित्राचं लग्न अडलंय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत इथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या: बेने इस्राएल वधू-वरांची आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा, बाहेरचं रक्त आलंय का बघा.

“पणजीचं नाव विचारतात,” मित्र म्हणतो. “गावात तिला सगळे मोठी आई म्हणायचे. बापाला तेवढंच माहीत.”

“मग काय लिहिलंस?”

“आज शनिवार आहे. आज लिहीत नाही.”

दोघंही हसता. कोकणात शनिवारी घाणा थांबला एवढ्यावर अख्ख्या गावाने तुम्हाला ओळखलं, कागद मागितला नाही. इथे शनिवारी सगळ्यांचंच बंद असतं, तेव्हा तो पुरावा धरत नाहीत. मला विचाराल तर पणजीच्या नावापेक्षा तो घाणा जास्त भक्कम पुरावा होता.

अंधार पडतो. एक तारा, दोन, तीन. काडी ओढता, आठवड्यातला पहिला विस्तव. हवदालाला, म्हणजे शब्बाथला निरोप देताना, सुगंधी मसाला हुंगतात. तुमच्याकडे मलिद्याची वेलची आहे. शब्बाथ संपताना घराघरांतून एलियाहूचीच गाणी ऐकू येतात, तुमच्या कोकणातल्या पैगंबराची. घरमालकीण मलिद्याचा घास तोंडात टाकते, चावते, थांबते आणि ताटली पुन्हा पुढे करते.

इस्राएलच्या संसदेने, क्नेसेतने, 17 ऑगस्ट 1964 रोजी ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत. त्याआधी त्या उन्हाळ्यात त्यांना जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसावं लागलं होतं. ऑगस्टअखेरीस रब्बींच्या सूचनांमधून त्यांचं नाव गेलं.

खंडाळ्याच्या खडकावर ती खूण अजून दाखवतात. जायचं असेल तर जरूर जा, फक्त शनिवार सोडून.