मुखपृष्ठावरील मुख

संगीत हा कानाचा विषय, आणि नियतकालिक ही डोळ्यांची वस्तू. गवयाचा स्वर कागदावर उमटत नाही, वाद्याचा झंकार शाईत उतरत नाही. तरीही संगीताला वाहिलेली नियतकालिके पाश्चात्य देशांत दोन शतकांहून अधिक काळ निघत आली आहेत आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळत आले आहे. दुकानात ओळीने मांडलेल्या अनेक अंकांतून वाटसरूचा हात नेमका एकाच अंकाकडे वळवावा, आणि तोही एकही सूर न वाजविता, हे अवघड काम मुखपृष्ठाला करावयाचे असते. ते काम कसे साधते हे पाहू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. यशस्वी मुखपृष्ठ संगीताचे चित्र क्वचितच काढते. ते बहुधा वाचकाचेच चित्र काढते. ज्याने अंक विकत घ्यावा अशी संपादकाची इच्छा असते, तो मनुष्य स्वतःला ज्या रूपात पाहू इच्छितो, ते रूप तेथे त्याच्यासमोर धरलेले असते. ही शक्ती सामान्य नव्हे. ती कशी मिळविली गेली आणि तिची किंमत कोणती, हे अमेरिकेतील दोन नियतकालिकांच्या चरित्रावरून चांगले समजते.

त्यांतील पहिले 'दि एट्यूड'. थिओडोर प्रेसर या संगीतशिक्षकाने हे मासिक १८८३ साली व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग गावी सुरू केले व पुढे लवकरच ते फिलाडेल्फिया शहरी नेले. एट्यूड हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ अभ्यास, आणि संगीताच्या परिभाषेत अभ्यासासाठी रचलेली गत. गिऱ्हाईक कोण, हे नावावरूनच कळते. पियानो शिकविणाऱ्या शिक्षिका, तो शिकणाऱ्या मुली आणि शिकवणीचे पैसे भरणारे आईबाप, हा या मासिकाचा मुख्य वाचकवर्ग. अंकात लेखांच्या जोडीला पियानोवर वाजविण्याजोग्या गती स्वरलिपीत छापलेल्या असत. त्यामुळे अंक वाचून टाकून द्यावयाचा नसे. तो महिनाभर घरात, पियानोच्या आसपास राहावयाचा असे.

अशा अंकाचे मुखपृष्ठ दिवाणखान्यात शोभणारे असले पाहिजे, हे ओघानेच आले. पियानोपाशी बसलेले मूल, नाताळच्या सणाचा देखावा, एखाद्या थोर रचनाकाराची मुद्रा, सुखवस्तू घरातील संगीताची सायंकाळ, अशा प्रकारची चित्रे तेथे येत. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अंक वापरणार मुलगी, परंतु पैसे देणार वडील माणसे; म्हणून चित्र मुलीचे असले तरी ते पाहणारी दृष्टी आईची असे. आपले घर सुसंस्कृत आहे, आपली मुले चांगल्या वळणावर आहेत, हे समाधान ते मुखपृष्ठ घरमालकिणीला देत असे. त्या घराला भय कशाचे वाटत होते, हेही मासिकातच दिसून येते. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वस्त्यांतून उदयास आलेले जॅझ संगीत घरोघर शिरू लागले, तेव्हा ऑगस्ट १९२४ चा अंक 'एट्यूड'ने 'जॅझचा प्रश्न' या विषयाला वाहिला. ज्या संगीताने तरुण पिढी वेडावली होती, ते येथे एक समस्या म्हणून मांडले गेले. पुढे घरात पियानो वाजविणाऱ्यांपेक्षा रेडिओ व तबकड्या ऐकणारेच अधिक झाले. १९५७ साली 'एट्यूड' बंद पडले.

मधल्या काळात तबकड्यांच्या धंद्यात एक घटना घडली. तिचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. १९४० च्या सुमारापर्यंत अमेरिकेत तबकड्यांचे संच बहुधा साध्या तपकिरी किंवा करड्या पुठ्ठ्यांत विकले जात. पाठीवर नाव छापले की काम झाले. १९३९ साली कोलंबिया कंपनीत नोकरीस लागलेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या विशीतील चित्रकाराने सुचविले की, या पुठ्ठ्यांवर चित्र असावे. १९४० मध्ये रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गीतांच्या संचासाठी त्याने न्यूयॉर्कमधील एका नाट्यगृहाच्या दिव्यांच्या पाटीवर संचाचे नाव झळकवून तिचे छायाचित्र घेतले. तबकडी तीच, गाणी तीच. परंतु चित्र येताच संचांचा खप वाढला, आणि इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. ऐकण्याच्या वस्तूला चेहरा दिला म्हणजे गिऱ्हाइकाला ती ऐकण्यापूर्वीच आवडू लागते, हा धडा संगीताच्या व्यापाराने तेव्हा गिरविला.

हा धडा पुरतेपणी आत्मसात करणारे नियतकालिक म्हणजे 'रोलिंग स्टोन'. यान वेनर हा एकवीस वर्षांचा तरुण आणि राल्फ ग्लीसन हा त्याच्याहून बराच वडील असा संगीतसमीक्षक, या दोघांनी ते सॅन फ्रान्सिस्को येथे काढले. पहिल्या अंकावर ९ नोव्हेंबर १९६७ ही तारीख व २५ सेंट ही किंमत होती. अंक वर्तमानपत्राच्या कागदावर छापून घडी घातलेला, म्हणजे दिसण्यात मासिक कमी व वृत्तपत्र अधिक. त्यावर 'बीटल्स' या इंग्रज वृंदातील गायक जॉन लेनन याचे छायाचित्र होते. परंतु त्याच्या हाती ना वाद्य, ना समोर ध्वनिक्षेपक. डोक्यावर सैनिकाचे शिरस्त्राण आणि डोळ्यांवर वाटोळा चष्मा, असे ते चित्र एका युद्धविडंबनाच्या चित्रपटातील होते. त्या वर्षाच्या अखेरीस व्हिएटनाममध्ये अमेरिकेचे पाच लाखांच्या आसपास सैनिक होते आणि सक्तीच्या भरतीची तलवार प्रत्येक तरुणाच्या डोक्यावर टांगलेली होती. लेननच्या शिरावरील ते शिरस्त्राण पाहून तरुणाला काय वाटले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच पानावर एका मोठ्या संगीतोत्सवाच्या पैशांचे काय झाले, अशी रोखठोक विचारणा करणारा वृत्तान्त होता. तुमचे संगीत हा थट्टेचा विषय नसून गंभीरपणे चर्चा करण्याचा विषय आहे, असे आश्वासन या मांडणीतून वाचकाला मिळाले.

अंकाच्या नावाची अक्षरे रिक्‌ ग्रिफिन याने काढली होती. हा त्या शहरातील जलशांची भित्तिपत्रके रंगविणारा कलावंत. त्या भित्तिपत्रकांवरील अक्षरे इतकी वळणदार व नागमोडी असत की, वडीलधाऱ्यांना ती लवकर लागत नसत. आणि ज्याला ती लागत तो आपोआप आपल्यांतला ठरे. 'रोलिंग स्टोन'च्या नावात ग्रिफिनने तीच लय ठेवली, परंतु ती कोणालाही वाचता येईल इतकी सोपी केली. 'एट्यूड'चे चित्र आईच्या दृष्टीने काढलेले होते. हे अक्षर आईच्या दृष्टीला किंचित खटकावे, अशाच बेताने काढलेले होते.

प्रारंभी हे पत्र काही मोठे यशस्वी झाले नाही. पहिल्या अंकाच्या बहुसंख्य प्रती न खपता परत आल्या. परंतु वर्षभराने, नोव्हेंबर १९६८ मध्ये, लेनन व त्याची सहचरी योको ओनो यांचे पाठमोरे विवस्त्र छायाचित्र त्याने मुखपृष्ठावर छापले. हे त्या दोघांच्या एका तबकडीसाठी काढलेल्या छायाचित्रांपैकी होते, आणि ती तबकडी तपकिरी कागदात गुंडाळून विकावी लागत होती. या अंकाने देशभर गवगवा झाला. त्यानंतर हळूहळू मुखपृष्ठाची रीत ठरत गेली: एकच व्यक्ती, तिचा चेहरा मोठा, नजर थेट पाहणाऱ्याकडे, शब्द मोजके. १९७३ पासून चौरंगी छपाई आली आणि त्याच वर्षी अ‍ॅनी लीबोव्हिट्झ ही तरुणी पत्राची मुख्य छायाचित्रकार झाली. आता मुखपृष्ठ हे नुसता आरसा उरले नाही. ते एक सिंहासन बनले. १९७२ साली 'डॉक्टर हुक' या वृंदाने, आपले चित्र या मुखपृष्ठावर कधी येणार, अशा आशयाचे एक विनोदी गीत गाऊन मोठी लोकप्रियता मिळविली. संपादकांनीही त्यांची हौस पुरविली. १९७३ मध्ये त्यांचे चित्र छापले, परंतु व्यंगचित्र काढून आणि त्यांचे नाव जाणूनबुजून गाळून!

या मुखपृष्ठाच्या सामर्थ्याची परिसीमा ८ डिसेंबर १९८० या दिवसाने दाखविली. त्या दिवशी लीबोव्हिट्झने न्यूयॉर्क येथील निवासस्थानी लेनन व योको यांचे छायाचित्र घेतले. लेनन विवस्त्र, गर्भस्थ बालकाप्रमाणे अंग मुडपून, वस्त्रे ल्यालेल्या पत्नीला बिलगलेला. त्याच रात्री घराच्या दाराशी त्याचा गोळ्या झाडून खून झाला. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर हे छायाचित्र आले, आणि त्यावर पत्राच्या नावाखेरीज मथळ्याचा एक शब्दही नव्हता. तेरा वर्षे ज्या वाचकाला या चौकटीतील चेहरा आपला मानण्याची सवय लागली होती, त्याला सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. २००५ साली अमेरिकेतील मासिक-संपादकांच्या संघटनेने मागील चाळीस वर्षांतील सर्वश्रेष्ठ मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली.

परंतु हीच सवय पुढे एकदा उलटली. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन शहरातील धावण्याच्या शर्यतीत दोन बाँब फुटले. तीन माणसे ठार झाली, त्यांत आठ वर्षांचा एक बालक होता, आणि अडीचशेहून अधिक लोक जखमी झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील अंकावर 'रोलिंग स्टोन'ने या कृत्याबद्दल पकडलेल्या झोखर त्सार्नाएव या तरुणाचा चेहरा छापला. विस्कटलेले कुरळे केस, पाहणाऱ्यावर रोखलेली नजर. त्याने स्वतःच काढलेले ते छायाचित्र होते. शेजारच्या मजकुरात त्याला राक्षस म्हटले होते आणि आतील लेख परिश्रमपूर्वक लिहिलेला होता. तरीही संतापाची लाट उसळली. बोस्टनच्या महापौरांनी निषेधाचे पत्र धाडले, अनेक दुकानांनी तो अंक विक्रीस ठेवण्याचे नाकारले. आश्चर्य असे की, हेच छायाचित्र त्यापूर्वी मे महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाच्या पहिल्या पानावर येऊन गेले होते आणि तेव्हा असा गदारोळ झाला नव्हता. आणखी आश्चर्य असे की, ज्यांच्याकडे तो अंक मिळाला तेथे त्याच्या सुट्या प्रती नेहमीच्या सुमारे दुप्पट खपल्या.

छायाचित्र एकच, मग परिणाम दोन कां व्हावेत? दैनिकाच्या पहिल्या पानाचा वाचकाशी करार असतो तो बातमीचा. तेथे साधूही येतो आणि चोरही येतो. संगीताच्या या पत्राने पंचेचाळीस वर्षे वाचकाशी निराळा करार केला होता: या चौकटीत जो बसेल तो तुमचा. त्या चौकटीची भाषा वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की, शेजारी छापलेल्या शब्दांना तिच्यापुढे काही चालले नाही. शब्द म्हणत होते राक्षस. चौकट म्हणत होती तारा. ज्यांच्या घरातील माणसे त्या शर्यतीत जायबंदी झाली, त्यांना चौकटीचेच म्हणणे ऐकू आले, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

तात्पर्य, मुखपृष्ठ हे अंकाला घातलेले नुसते वस्त्र नव्हे. 'एट्यूड'ने आईला तिच्या घराचे चित्र दाखविले, 'रोलिंग स्टोन'ने मुलाला त्याच्या बंडाचे. दोघांनीही आपापल्या वाचकाला त्याचेच मुख दाखवून जिंकले. परंतु आरसा हाती धरणाऱ्याला एक पथ्य पाळावे लागते. ज्या आरशात वाचकाने वर्षानुवर्षे स्वतःला पाहिले, त्यात उद्या कोणाचे मुख दाखवावयाचे, याचा निर्णय त्याने केवळ अंकाच्या खपाकडे पाहून करू नये. कारण आरशाच्या खाली काय लिहिले आहे, ते वाचण्यासाठी कोणी आरशासमोर उभे राहत नाही.