मॉलिब्डेनमची गाय

वसुबारसेला सवत्स धेनू पूजून आपण दिवाळीला आरंभ करतो. अणुविज्ञानाच्या गोठ्यातही अशीच एक गाय आहे. सकाळी काढलेले तिचे दूध दुपारपर्यंत निम्मेच उरते. आणि ते तसे आटते यातच रोग्याचे कल्याण आहे!

जिवंत माणसाचे रक्त देहात किती वेगाने फिरते, हे शरीर न कापता कसे कळावे? १९२५ च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनच्या हर्मन ब्लुमगार्ट या तरुण डॉक्टराने त्यावर युक्ती योजिली. रेडियमच्या वंशातील ‘रेडियम-सी’ हा पदार्थ त्याने एका हाताच्या शिरेत टोचला आणि दुसऱ्या हातापाशी किरण टिपणारे यंत्र मांडले. निरोगी माणसात हा प्रवास १८ सेकंदांच्या आसपास पुरा होई. हृदय दुबळे असले की वेळ वाढे. हा पदार्थ दर २० मिनिटांनी निम्मा होत असल्यामुळे अंगात ठाण मांडून बसत नसे.

पण पेच येथेच होता. पाहुणा लवकर जाणारा हवा हे खरे. मग त्याला लांबून आणावा कसा? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५५ साली सायक्लोट्रॉन हे अवजड यंत्रच येऊन बसले. तेथे ऑक्सिजन-१५ तयार करता येई. तो तर दोनच मिनिटांत निम्मा होतो. परंतु असे यंत्र किती रुग्णालयांना परवडणार?

उत्तर सापडले ते भेसळीत. न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन हे टेल्युरियमपासून आयोडीन-१३२ मिळवीत असता त्यात दुसराच एक पदार्थ आढळला. तो निघाला टेक्निशियम-९९एम, म्हणजे मॉलिब्डेनम-९९ चे अपत्य. आई ६६ तासांनी निम्मी होते, लेकरू ६ तासांनी. मग आईलाच ॲल्युमिनाच्या नळीत बांधून रुग्णालयात धाडावे! वरून मिठाचे पाणी ओतले की लेकरू तेवढे धुऊन खाली येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धार काढावी. तंत्रज्ञ या नळीला खरोखरच ‘गाय’ म्हणू लागले.

१९५८ साली पेटंटचा प्रश्न निघाला, तेव्हा ‘याला गिऱ्हाईक कोठून मिळणार?’ असा विचार होऊन तो सोडून देण्यात आला. पुढे हाच पदार्थ रोगनिदानात जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला. योग्य औषधाशी जोडून तो टोचला, की हृदयाच्या स्नायूत जेथे रक्त भरपूर तेथे तो अधिक साठतो. धमनी तुंबली असेल तेथे चित्रात अंधार दिसतो. मुंबईत परळला १९६३ साली निघालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमुळे ही विद्या आपल्याही दारी आली.

मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात देशोदेशींच्या रोग्यांच्या तपासण्या लांबल्या, कारण हे दूध साठवून ठेवता येत नाही. गोठा भरलेला असताना गाईचे मोल कळत नाही, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी दिवाळीचा पहिला दिवा तिच्यापुढे लावला असावा.